नाटककारावर लेख लिहिण्यापूर्वी

बडोद्यातील ज्या नाटककारांवर तुम्ही मराठी विकिपीडियात लेख लिहू पाहता, त्यांची नाटके किती सरस आहेत हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि त्यांच्याशी लागाबांधा नसलेल्या कोणी त्यांच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, हे आधी तपासा. प्रयोगाची जाहिरात, मंडळाची स्मरणिका किंवा घरच्यांनी काढलेला गौरवग्रंथ यांतून जन्मतारीख मिळेल, पण उल्लेखनीयता, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, सिद्ध होणार नाही. याउलट, संहितेची चिकित्सा करणारे दैनिकातील जुने परीक्षण फार मोलाचे असते, आणि ते आंतरजालावर नसले तरी तारीख व पृष्ठांक देऊन त्याचा संदर्भ देता येतो. सयाजीरावांच्या काळात १९१० साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात अवश्य चौकशी करा. असे काहीच हाती न लागल्यास स्वतंत्र लेखाऐवजी बडोद्याच्या मराठी रंगभूमीवरील लेखात त्यांची ससंदर्भ नोंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.