२५-३० जणांच्या ऑफिसला कुठला फायरवॉल घ्यावा?

२५-३० जण आणि ३०० एमबीपीएसची इंटरनेट लाईन असेल, तर फोर्टिगेट किंवा सोफॉस या कंपन्यांच्या फायरवॉलचं (इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसून धोकादायक ट्रॅफिक अडवणारा बॉक्स) छोटं मॉडेल पुरेल, पण डेटाशीटवर ठळक लिहिलेला फायरवॉल थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा पुढे जातो तो आकडा) बघून ठरवू नका, थ्रेट प्रोटेक्शनचा आकडा बघा, कारण आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी सोय), अँटीव्हायरस चालू केलं की खरा स्पीड तेवढाच मिळतो आणि तो बराच कमी असतो. कोटेशन ३ वर्षांच्या लायसन्ससकटच मागा. लायसन्स संपलं की नव्या सिग्नेचर (नवे व्हायरस, हल्ले ओळखायच्या खुणा) येणं बंद, मग बॉक्स असून उपयोग काय? नेटवर्किंग येणारा माणूस हाताशी असेल तर ओपीएनसेन्स हे साध्या पीसीवर चालणारं फायरवॉल सॉफ्टवेअर फुकट आहे, छान चालतं.

बसवल्यावर पहिलं काम म्हणजे घरून टॅली वापरायला कोणीतरी ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडून ठेवलेला असतो, तो बंद करा, रॅन्समवेअर (फाईल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) बरेचदा तिथूनच शिरतं, त्याऐवजी व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) द्या आणि ओटीपी लावा. फायरवॉलचं अ‍ॅडमिन पेजही बाहेरून उघडता कामा नये.

फर्मवेअर (बॉक्समधलं सॉफ्टवेअर) अपडेट शनिवारी संध्याकाळी करा, आधी कॉन्फिगचा (सेटिंग्जचा) बॅकअप घेऊनच. आणि सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या नियमांप्रमाणे लॉग (नेटवर्कवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात, छोट्या बॉक्समध्ये बहुतेक डिस्क नसते, म्हणून एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉग सर्व्हर (हे लॉग साठवणारं सॉफ्टवेअर) लावून टाका.