टेललाइटला घरी स्मोक स्प्रे मारावा का?

तुमचे प्रश्न तीन: टेललाइटला घरीच स्प्रे मारून काळी शेड देता येते का, गोव्याच्या पावसात ते काम जमतं का, आणि पोलीस पकडतात का.

देता येते. मी दिली होती, माझ्या जुन्या ऑल्टोला, फोंड्याला घराच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून. चार महिने मिरवली आणि मग माझ्याच हाताने खरवडून काढली. त्यामुळे मारायचं कसं तेही सांगतो आणि काढली का तेही.

पहिला प्रयत्न जूनच्या शेवटी केला, म्हणजे मूर्खपणाच. बाहेर धो धो पाऊस, मी आत छपराखाली, मला वाटलं पाणी लागत नाही ना, मग झालं. दोन हात मारले, चहा पिऊन आलो तर लेन्सवर दुधाचा हात फिरवल्यासारखे पांढुरके ढग. स्प्रेमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि फ्रिजमधल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसा हवेतला ओलावा त्यावर धरतो. तो रंगाच्या आत अडकला की शेड धुरकट. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींनासुद्धा घाम येतो, तिथे स्प्रे काय वाळणार. करायचंच असेल तर दसऱ्यानंतर, कडक उन्हाच्या दिवशी सकाळी दहानंतर, सावलीत.

दुसरा प्रयत्न ऑक्टोबरात केला आणि तो छान जमला. डिकी उघडून स्क्रू काढले, लाइट बाहेर घेतली, बल्ब होल्डरसकट काढून ठेवले. लेन्स भांड्याच्या साबणाने धुतली, कारण पॉलिशचं मेण राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. मग आठशे नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला, सगळी चमक जाऊन लेन्स भुरकट दिसेपर्यंत. त्यावर हजारचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली. थिनरने पुसू नका, हे मी नंतर महागात शिकलो, खाली येईलच.

स्प्रे नेहमीचा काळा घेऊ नका. तो अपारदर्शक असतो, पातळ मारला तर नुसते ठिपके पडतात आणि जाड मारला तर लाइटच बंद. लाइटसाठी वेगळा पारदर्शक स्मोक मिळतो. वीतभर अंतरावरून, हात लेन्सच्या बाहेर असतानाच बटण दाबायचं आणि बाहेर गेल्यावरच सोडायचं, नाहीतर सुरुवातीच्या जागी थेंब गळतो. एक हात मारला की दुसऱ्याच्या आधी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पहिल्या हातानंतर काहीच झालं नाही असं वाटतं आणि माणूस चेकाळून दुसरा जाड मारतो. तिथेच काम बिघडतं. वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चमकीचा थर, दोन दिवस वाळवण, दोन हजारचा पेपर, मग चमक आणायला रबिंग कंपाउंडची पेस्ट. परत बसवताना मागचं पॅकिंग नीट बसलं का बघा. ते दुमडलं तर पहिल्या पावसात लाइटमध्ये मत्स्यालय होतं.

दिसायला गाडी खरंच झकास दिसली, खोटं का बोलू.

मग फेब्रुवारीत एका सकाळी साडेआठच्या सुमारास फर्मागुडीचा उतार उतरून म्हार्दोळच्या दिशेने जात होतो. पुढे कदंबाची बस थांबली, मी ब्रेक मारला, आणि मागून धप्प. स्कूटरवर कॉलेजचा पोरगा होता. लागलं काही नाही, त्याचा मडगार्ड चेपला. मी तावातावाने उतरलो तर तो बिचारा म्हणतो, "दादा, लायट पेटिल्ली दिसूंकच ना." म्हणजे लाइट पेटलेली दिसलीच नाही. मला ते खोटं वाटलं. घरी आल्यावर भाच्याला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि मागे जाऊन बघितलं. बलकांवाच्या सावलीत लाइट दिसत होती, लालबुंद. गाडी उन्हात घेतली, ऊन बरोबर लेन्सवर येईल अशी. भाचा ब्रेक दाबतोय, सोडतोय, आणि मला फरक कळेना. सकाळी पणजीकडे जाताना सूर्य पाठीमागून नेमका तिथेच पडतो.

पण खरी गंमत रात्री कळली. शेजाऱ्याकडेही तीच गाडी, लाइट कंपनीच्या. दोन्ही गाड्या बंद करून वाड्यावरच्या रस्त्यात शेजारी शेजारी लावल्या. पन्नास-साठ पावलांवरून स्कूटरचा हेडलाइट टाकला. त्याच्या गाडीचे दोन लाल डोळे मांजरासारखे चमकले. माझी गाडी तिथे नव्हतीच.

ह्याचं गणित साधं आहे, पण स्प्रे घेताना कुणी सांगत नाही. समजा एक हात सत्तर टक्के प्रकाश जाऊ देतो. दोन हातांनंतर सत्तरचे सत्तर टक्के, म्हणजे 49. तीन हातांनंतर साधारण 34. हे झालं बल्बचं, त्याचा प्रकाश रंगातून एकदाच बाहेर येतो. लेन्सच्या एका कोपऱ्यात मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते ना, तो रिफ्लेक्टर. त्याला स्वतःचा प्रकाश नाही. मागच्या गाडीचा उजेड रंगातून आत जातो आणि परतताना पुन्हा रंगातूनच येतो. म्हणजे 34चे पुन्हा 34 टक्के, जेमतेम 12. आपल्याकडे गावातले रस्ते अरुंद, दिवे नाहीत, बाजूला गटार, गाडी अर्धी रस्त्यातच लावावी लागते. बंद गाडीची राखण फक्त ती नक्षी करते. बंपरवर वेगळे रिफ्लेक्टर असतील तर थोडं निभावतं. माझ्या गाडीला नव्हते.

"जास्त वॅटचा बल्ब टाकला तर?" हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आत्ताच सांगतो. मूळ बल्ब 21/5 वॅटचा, म्हणजे ब्रेकला 21 आणि टेलला 5, होल्डर आणि प्लास्टिक त्या उष्णतेच्या हिशेबाने केलेलं. वाढवलात तर होल्डर वितळू शकतो. आणि बल्ब कितीही मोठा केलात तरी रिफ्लेक्टरला त्याचा काडीचा उपयोग नाही. रिव्हर्स लाइट काळी झाल्यावर अंधारात गाडी मागे घेताना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दिसत नाही, ते वेगळंच.

आता पोलिसांचं. नियमाप्रमाणे मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागे दोन लाल रिफ्लेक्टर हवेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला चार महिन्यांत एकदाही तालांव, म्हणजे दंडाची पावती, मिळाला नाही, पण तो नशिबाचा भाग. अपघात झाला तर विमेवाल्याच्या हातात आपणच कोलीत देतो. काही गाड्यांना कंपनीतूनच स्मोक लाइट येतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथे रिफ्लेक्टर मोकळा ठेवलेला असतो आणि उजेड मोजून पास केलेला असतो. लूकच हवा असेल तर तुमच्या मॉडेलला तशी मान्यताप्राप्त लाइट मिळते का बघा.

आणि रंग आधीच मारून बसला असाल तर: आठशेचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, मग हजार, दीड हजार, दोन हजार, शेवटी कंपाउंड. एका लाइटला दीड-दोन तास धरा. मला घाई होती, म्हणून उजव्या लाइटवर आधी थिनरचा बोळा फिरवला. रंग भराभर निघाला, पण लेन्सच्या ॲक्रिलिक प्लास्टिकला थिनर सोसत नाही. मिनिटभरात कोपऱ्यात केसासारख्या बारीक चिरा, कोळ्याच्या जाळ्यागत. ती लेन्स अजून तशीच आहे. पुढच्या पासिंगच्या आधी बदलायचीय.