पाणभुंगेरे ओळखायला शिकताना
प्रजातीच्या नावाची घाई करू नका. पाणभुंगेऱ्यांचे हायड्रोफिलिडी हे कुल खात्रीने ओळखता आले, तरी सुरुवातीला पुष्कळ झाले. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे तोंडाजवळच्या लांब, सडपातळ स्पर्शकांनाच शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) समजणे (मीही बराच काळ हेच करत होतो). खऱ्या शृंगिका आखूड, टोकाशी गदेसारख्या फुगीर आणि बहुधा डोक्याखाली दडलेल्या असतात. दुसरी गल्लत डायटिसिडी कुलातील शिकारी भुंगेऱ्यांशी होते. ते पोहताना मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मारतात आणि हवेसाठी शेपटीकडून वर येतात, तर हायड्रोफिलिडी पाय आळीपाळीने हलवतात व डोक्याकडून वर येतात. म्हणून पकडण्याआधी थोडा वेळ नुसते पाहा. स्फेरिडियमसारखे हायड्रोफिलिडीचे काही सदस्य शेणात राहतात, हेही ध्यानात असू द्या. प्रजाती ठरवण्यासाठी केली जाणारी नराच्या जननेंद्रियांची तपासणी तूर्त बाजूला ठेवा.