येरळा नदी कुठून कुठे वाहते आणि तिच्या काठी कोणते पशुपक्षी दिसतात?

येरळेचा उगम सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, मोळ-मांजरवाडीच्या डोंगरात. नेरचा तलाव, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव, खटाव, वडूज करत ती सांगली जिल्ह्यात उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते.

पण ही नदी समजून घ्यायची तर आधी तिची वाळू बघा. हा दुष्काळी पट्टा. पात्र कितीतरी महिने कोरडं दिसतं, पाणी असतं ते वाळूच्या पोटात. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात झरा उकरून घागरी भरायचे, काठच्या विहिरीही त्याच ओलीवर टिकायच्या. टिटवी तिथल्या उघड्या गोट्यांत अंडी घालते. वेडा राघू आणि खंड्या काठच्या उभ्या दरडीत बिळं कोरतात. वाळूच्या बेसुमार उपशानं हे सगळं एकदम जातं. विहिरी आटतात, दरडी ढासळतात, खड्ड्यांत वेडी बाभूळ माजते. याची मला फार चीड आहे, कारण याच नदीवर १९८०च्या दशकात बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी थोडी वाळू विकून त्या पैशाची बळीराजा धरणाला जोड दिली आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. वाळूचा असाही उपयोग होतो!

पक्षी बघायचे तर हिवाळ्यात सकाळी येरळेवरचा येरळवाडीचा तलाव गाठा. चक्रवाक, शेकाटे, चित्रबलाक दिसतात आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. शेजारी चांद नदीवर मायणीचा तलाव आहे. २०२१ साली मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित उथळ पाण्यातला चिखल चोचीनं गाळून शेवाळ आणि बारीक जीव खातो, त्यामुळे तलाव काठोकाठ भरलेला असला की तो फिरकत नाही. आता जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी वरच्या नेर तलावात येतं. शेतीसाठी ते हवंच, माझं त्याला दुमत नाही. पण हिवाळ्यात एखादा काठ उथळ राहील एवढं तरी बघावं.

खाली वसगडे-ब्रह्मनाळकडे गेलात तर पाण्यात उतरू नका. संगमाजवळच्या कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. लांबूनच, दुर्बिणीतून बघा.