स्टार्टर नेमका कोणाला म्हणायचं? : वाचकांचे प्रश्न

मना आंडोर म्हणस, पिकाचू बी स्टार्टर शे. त्याना दोस्त म्हणस, स्टार्टर फक्त तीनच. खरं काय शे?
— एक आई, शिरपूर

ताई, निकाल तुमच्या मुलाच्या बाजूने. स्टार्टर ठरतो तो जातीवरून नाही, तर गेम तो पोकेमॉन (पकडून लढवायचा काल्पनिक प्राणी) तुमच्या हातात कधी आणि कसा देतो यावरून. स्वतः एकही जंगली पोकेमॉन पकडण्याआधी, कथेचाच भाग म्हणून जो मिळतो आणि जो घेतल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही, तो त्या गेमचा स्टार्टर.

मित्र म्हणतो ते 1996 साली जपानमध्ये आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पोकेमॉन गेमना लागू आहे. तिथे प्रोफेसर ओकच्या टेबलावर तीन बॉल असतात, प्रत्येकात एक पोकेमॉन: बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल. तिघेही लेव्हल 5. तुम्ही एक उचलला की प्रतिस्पर्धी त्यावर भारी पडणारा उचलतो. 1998च्या ‘येलो’मध्ये मात्र ओक थेट पिकाचूच देतो आणि ईवी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. ते तिघे ‘येलो’तही मिळतात, पण पुढे वाटेत, वेगवेगळ्या लोकांकडून भेट म्हणून. म्हणजे ‘येलो’त स्टार्टर पिकाचूच, आणि बल्बासॉर नुसती भेट. 2018च्या ‘लेट्स गो’ जोडीतही असंच आहे: एकात पिकाचू, दुसऱ्यात ईवी. हे सोबती उत्क्रांत होत नाहीत. रायचू हवा असेल तर विरिडियन जंगलातला दुसरा पिकाचू पकडावा लागतो.

गवत-आग-पाणी असे तीन प्रकार आणि तीन टप्प्यांची वाढ, ही स्टार्टरची व्याख्या नाही का? मग ‘लेजंड्स झेड-ए’मध्ये टेपिग आणि चिकोरिटा एकत्र कसे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

ही ओळखीची खूण झाली, व्याख्या नव्हे. खुणा आणखीही आहेत. मुख्य मालिकेतल्या या त्रिकुटांत नर सात आणि मादी एक असं प्रमाण असतं. पकडण्याचा आकडा (जितका मोठा तितकं पकडणं सोपं) 45 असतो. पिजी या पक्ष्याचा 255 आहे, म्हणून तो साध्या बॉलमध्येही चटकन येतो. गेमच्या तिसऱ्या पिढीपासून ओव्हरग्रो, ब्लेझ किंवा टॉरेंट ही क्षमता असते: एचपी (उरलेला जीव) एक तृतीयांशावर आला की आपल्या प्रकारच्या हल्ल्याची ताकद दीडपट.

पण याच खुणांवर अडून बसलात तर ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये फसाल. तिथे पहिल्या जिमच्या (जिमप्रमुखाशी लढायच्या ठिकाणाच्या) गावात पॅनसेज, पॅनसीअर किंवा पॅनपूर यांपैकी एक माकड भेट मिळतं. प्रकार तेच गवत, आग, पाणी, देणारी व्यक्ती कथेतलीच, वेळही सुरुवातीची. तरी ते स्टार्टर नाही. स्नायवी घेतला असेल तर समोरचा जिमप्रमुख आगीचा येतो, म्हणून तुम्हाला पाण्याचा पॅनपूर देतात. आधीच्या निवडीतली उणीव भरून काढायला ते माकड आहे. उलट ‘कोलोसियम’मध्ये सुरुवातीलाच एस्पिऑन आणि अंब्रिऑन दोघे हातात असतात. दोघेही आधीच उत्क्रांत, गवत-आग-पाण्याशी संबंध नाही, निवडही नाही. तरी त्या गेमचे स्टार्टर तेच.

2022च्या ‘लेजंड्स आर्सेयस’पासून तर तिघे वेगवेगळ्या प्रदेशांतले असले तरी चालतात. तिथे राउलेट, सिंडाक्विल आणि ओशावॉट होते. 2025च्या ‘झेड-ए’त चिकोरिटा, टेपिग आणि टोटोडाइल आहेत. म्हणून “टेपिग स्टार्टर आहे का?” असं मोघम विचारू नका. “कोणत्या गेमचा?” हे जोडलं की अर्धे वाद तिथेच मिटतात. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये प्रोफेसर सिकॅमोर नंतर कँटो प्रदेशाच्या तिघांपैकी (बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल) एक देतो, त्याला बरेच जण दुसरा स्टार्टर म्हणतात. आमच्या मते ती भेट. त्या गेमचे स्टार्टर चेस्पिन, फेनेकिन आणि फ्रोकी.

‘फायररेड’मध्ये चारमँडर घेतला आणि पहिल्याच जिममध्ये ब्रॉककडून सारखा हरतोय. सगळे सांगतात लेव्हल 13 ला मेटल क्लॉ हा हल्ला येईपर्यंत थांब. आला, तरी जमत नाही.
— नववीतला वाचक, अमळनेर

मेटल क्लॉचा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आकडेच मांडू. ब्रॉककडे लेव्हल 12चा जिओड्यूड आणि लेव्हल 14चा ऑनिक्स. दोघेही दगड आणि जमीन प्रकारचे. पोलाद प्रकारच्या मेटल क्लॉची ताकद 50, दगडावर दुप्पट, म्हणजे 100. एम्बर या आगीच्या हल्ल्याची ताकद 40, स्वतःच्या प्रकारामुळे दीडपट होऊन 60, आणि दगडावर निम्मी म्हणजे 30. इथपर्यंत पाहिलं तर मेटल क्लॉच घ्यावा असं वाटतं.

आता समोरच्याचा बचाव बघ. या पिढीत, म्हणजे ‘फायररेड’च्या तिसऱ्या पिढीत, हल्ला फिजिकल की स्पेशल हे त्याच्या प्रकारावर ठरतं: पोलाद फिजिकल, आग स्पेशल. फिजिकल मार डिफेन्स अडवतो, स्पेशल मार स्पेशल डिफेन्स. ऑनिक्सचा मूळ डिफेन्स 160 आहे, स्पेशल डिफेन्स फक्त 45. जिओड्यूडचे हेच आकडे 100 आणि 30. शिवाय चारमँडरचा अटॅक 52, स्पेशल अटॅक 60. भागाकार करून बघ: दोघांवरही एम्बर मेटल क्लॉच्या बरोबरीने किंवा थोडा जास्तच लागतो. त्यात जिओड्यूड डिफेन्स कर्ल करतो. प्रत्येक वेळी त्याचा डिफेन्स चढतो आणि तुझा मेटल क्लॉ बोथट होत जातो. एम्बरवर त्याचा काहीही परिणाम नाही. बहुधा तू इथेच अडकतोयस.

तेव्हा जिओड्यूडने एकदा जरी कर्ल केलं तरी लगेच एम्बरवर ये. ऑनिक्सवरही एम्बरच, भाजण्याची दहा टक्के शक्यता आहे आणि भाजला की त्याचा फिजिकल मार निम्मा होतो. त्याच्या रॉक टोंबपासून जप: तो आगीवर दुप्पट लागतो आणि वेगही उतरवतो. एचपी निम्म्याखाली गेला की वाट न बघता पोशन (एचपी भरणारं औषध) वापर. लेव्हल 16 ला चारमीलियन करून गेलास तर झुंज बरीच सोपी होते.

दुसरी वाट रूट 22 वर आहे. तिथे मँकी मिळतो आणि त्याला लो किक लवकर येते. या पिढीत लो किकची ताकद समोरच्याच्या वजनावर ठरते. ऑनिक्स 210 किलोचा, म्हणून ताकद 120, वर दगडावर दुप्पट. जिओड्यूड 20 किलोचाच असल्याने तिथे ताकद 40. म्हणून जिओड्यूडला चारमँडर, ऑनिक्सला मँकी अशी वाटणी कर.

स्टार्टर घेताना नेचर (स्वभाव) आणि मादी पाहून घ्यायची आहे. नेमकं कुठे सेव्ह करायचं?
— भुसावळ

तेही ‘फायररेड’पुरतं सांगतो. ओकच्या प्रयोगशाळेत टेबलासमोर उभं राहून, बॉलला हात लावण्याआधी सेव्ह करा. मग बॉल उचला, प्रतिस्पर्ध्याला त्याचा घेऊ द्या आणि दाराकडे एक पाऊलही न टाकता मेनू उघडून समरी (पोकेमॉनची माहिती) बघा. पहिल्याच पानावर नेचर आणि नर-मादीची खूण दिसते. नको असेल तर ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबा. गेम सेव्हपासून पुन्हा सुरू होतो. दाराकडे निघालात की प्रतिस्पर्धी लढायला अडवतो आणि प्रत्येक फेरीला वेळ वाया जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॉल उचलल्यावर सवयीने सेव्ह करणं. सेव्ह एकच असतं, मागे जाता येत नाही.

नेचर 25 आहेत. त्यांतले 20 एक आकडा दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तेवढाच कमी करतात. उरलेले पाच काहीच बदलत नाहीत. चारमँडरसाठी मॉडेस्ट किंवा टिमिड चांगले, कारण दोन्हींत कमी होतो तो अटॅक. ठरावीक नेचर आणि मादी दोन्ही हवी म्हटलं तर शक्यता 200 मध्ये 1. मादीचा हट्ट आम्ही धरणार नाही: नुसत्या अंड्यासाठी नर आणि डिटो (नर-मादी कोणाशीही जोडी जमणारा पोकेमॉन) पुरतात. शायनीची (वेगळ्या रंगाच्या दुर्मिळ पोकेमॉनची) शक्यता त्या काळात 8192 मध्ये 1 होती, 2013 पासून 4096 मध्ये 1 झाली. आणि ‘स्कार्लेट’ किंवा ‘व्हायोलेट’मध्ये हा प्रयत्नच करू नका. तिथे सुरुवातीचा स्टार्टर शायनी निघत नाही, गेमनेच ते बंद केलं आहे.

पोकेमॉनबाहेरच्या गेममध्येही स्टार्टर असतात का?
— चाळीसगाव

असतात, पण सगळीकडे नाही. ‘टेमटेम’मध्ये क्रिस्टल, मेली आणि मेंटल प्रकारांतून एक निवडायचा असतो. ‘कॅसेट बीस्ट्स’मध्ये एका प्रश्नाच्या उत्तरावरून कँडेव्हिल किंवा स्प्रिंगहील मिळतो. 2024च्या ‘पालवर्ल्ड’मध्ये कोणी काही देत नाही, आजूबाजूचा लॅमबॉल किंवा कॅटिव्हा स्वतः पकडायचा. तो पहिला असला तरी स्टार्टर नव्हे.

‘पोकेमॉन गो’मध्ये सुरुवातीला घेतलेला चारमँडर वाढवू का? गावात पोकेस्टॉप (गेममधलं सामान मिळण्याची ठिकाणं) कमी आहेत.
— रावेर तालुका

ठेवा, पण त्याच्यावर स्टारडस्ट (ताकद वाढवायची पूड) घालू नका. तो फार कमी सीपीचा (लढाऊ ताकदीचा) असतो आणि ‘गो’मध्ये चारमँडर जंगलीही मिळतो. नंतर मिळालेले दोन-चार अप्रेझ (गुणांची तपासणी) करून ज्याच्या तिन्ही पट्ट्या जास्त भरलेल्या, तो निवडा. उत्क्रांतीने त्या पट्ट्या बदलत नाहीत, म्हणून आधी अप्रेझ, मग कँडी.

शेवटच्या रूपापर्यंत, म्हणजे चारीझार्डपर्यंत, 25 आणि 100, म्हणजे 125 कँडी लागतात. एक पकडला की 3, ट्रान्सफर केला (प्रोफेसरकडे पाठवला) की आणखी 1. पिनॅप बेरी टाकून पकडला तर 3 ऐवजी 6, म्हणजे ट्रान्सफर धरून एकामागे 7. साधारण 18 चारमँडरमध्ये काम होतं. स्टॉप कमी असले तर बडी (सोबती) करून चाला: दर 3 किलोमीटरला 1 कँडी, नुसत्या चालण्यावर अवलंबून राहिलात तर 375 किलोमीटर. ॲडव्हेंचर सिंक चालू ठेवा, मग ॲप बंद असतानाही अंतर मोजलं जातं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असताना जीपीएस आणि स्क्रीन दोन्ही चालू ठेवलं की फोन तापून ॲप अडकतं, त्यामुळे सकाळी केळीच्या बागेकडे फेरी मारताना फोन खिशातच राहू द्या. मोटारसायकलवरचं अंतर धरलं जात नाही.