पोराच्या स्कॉलरशिपबद्दल थोडंसं

दादा, पोराला इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या ॲकॅडमीची (पोरं घडवणाऱ्या युवा विभागाची) स्कॉलरशिप मिळतेय, अभिनंदन! पण क्लबचं नाव बघून हुरळू नका. आधी विचारा, गेल्या 3 वर्षांत तिथल्या ॲकॅडमीतली किती पोरं पहिल्या संघात खेळली? उत्तर देताना क्लबचा माणूस चाचरला, तर समजून जा. पैशाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये व्यावसायिक करार 17 व्या वर्षाआधी होतच नाही, मग घाई कसली? इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन टॉटनहॅमच्या ॲकॅडमीतला, पण लेटन ओरिएंट आणि मिलवॉल या छोट्या क्लबांना लोनवर (उसना खेळाडू म्हणून) जाऊन, खालच्या लीगमधल्या दांडग्या बचावपटूंचे धक्के खाऊन तयार झाला. इंग्लंडचाच जेडन सँचो 17 व्या वर्षी मँचेस्टर सिटी सोडून जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला गेला. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, युरोपातल्या क्लबांची ती वाट 18 पूर्ण होईपर्यंत बंद (युरोपीय संघातल्या देशाचा पासपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी). एजंट गोड बोलेल, बोलू दे. सहीआधी कागद वकिलाला दाखवा. आणि हो, कॉलेज सोडू देऊ नका.