उल्लंघन की भंग?

नियमाचे 'उल्लंघन' म्हणावे की नियमाचा 'भंग', असा प्रश्न आहे. सरकारी नोटिशींत दोन्ही सापडतात आणि नियमापुरते पाहिले तर दोन्ही बरोबरच. पण ते सगळीकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

उल्लंघन म्हणजे उत् + लंघन, ओलांडून पलीकडे जाणे. (उत् + लेख = उल्लेख, तसाच इथेही 'त्'चा 'ल्' होतो; म्हणून 'उलंघन' हे लेखन चूक.) मुळात या शब्दाला दोषाचा वासही नाही. मारुतीने समुद्र उल्लंघिला तो पराक्रम, आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन तर शुभच! मर्यादा, आज्ञा, नियम यांच्याशी गाठ पडली की मगच तो शब्द आरोप होतो. त्यातही रेघ जागच्या जागी राहते, माणूस तेवढा पलीकडे जातो.

भंगात ती गोष्टच मोडते. व्रतभंग, वचनभंग, तपोभंग, करारभंग. 'शांततेचे उल्लंघन' कुणी म्हणत नाही, 'शांतताभंग'च म्हणतात. विधिमंडळात प्रस्ताव येतो तोही हक्कभंगाचा. 1930 च्या चळवळीचे नाव 'सविनय कायदेभंग' आहे, ते मला फार नेमके वाटते. मिठाचा कायदा नजरचुकीने ओलांडला गेला नव्हता, तो जाहीरपणे मोडायचाच होता. 'कायदा-उल्लंघन' हे नाव तिथे मिळमिळीत झाले असते.

तिसरा शब्द पायमल्ली. हा फारसी 'पायमाल'वरून आला, म्हणजे पायदळी तुडवलेले. तो हक्कांसाठी, न्यायासाठी राखून ठेवावा. चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून 'नियमांची पायमल्ली' लिहिणारे बातमीदार शब्द फुकट घालवतात.

लिंगाचा घोळ मात्र वाढतो आहे. उल्लंघन झाले, भंग झाला, पायमल्ली झाली: तिघांची तीन लिंगे. 'नियमाचा उल्लंघन केला' हे हिंदीच्या वळणाने आलेले, कारण हिंदीत उल्लंघन पुल्लिंगी आहे. 'नियम तोडला' हेही तिकडूनच आले. मराठीत फांदी तोडतात, दोर तोडतात, नातेही तोडतात. पण नियम, शब्द आणि करार मोडतात. अर्ज किंवा नोटीस लिहायची नसेल, तर नुसते 'नियम मोडला' म्हटलेले उत्तम.